देखावा: पाहिलेला आणि मांडलेला

श्रावण सरत आला की रोह्यात दोन मंडळांची मुले एकमेकांना विचारतात, "यंदा देखावा काय?" मूर्तीची काळजी या मुलखात कुणाला नसते. ती पेणला, हमरापूरला, जोह्याला घडतच असते आणि तिथूनच मुंबई-पुण्याच्या घराघरांत जाते. विचारायचे ते देखाव्याचे. कुठे केदारनाथ उभा राहतो, कुठे राजस्थानी महाल, कुठे राज्याभिषेकाचा दरबार. 2018 साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठा, कापड, बांबू आणि कागदाच्या लगद्यावर हे सारे उभारायला लोक शिकले. अठराव्या शतकातल्या रोमच्या चित्रांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला पडला तेव्हा मंडळांच्या तोंडचा हाच शब्द चोख बसला.

ती चित्रे अशी असतात. उंच खांबांची रांग, त्यातले दोन-तीन मोडलेले. अर्धी ढासळलेली कमान, तिच्या माथ्यावर उगवलेली झुडपे. खाली गुरे, शेळ्या, धुणे धुणाऱ्या बाया, कोसळलेल्या दगडावर बसून गप्पा मारणारी माणसे. मागे टेकड्यांवर कललेले ऊन. जोव्हान्नी पाओलो पानिनी हा या प्रकारातला मोठा कलावंत. जन्म 1691 चा, पिआचेंझा गावचा, मृत्यू 1765 साली रोममध्ये. (व्याकरणकार पाणिनीशी त्याचे नाते फक्त ऐकू येणाऱ्या नावापुरते, पण खऱ्या पाणिनीची गरज पुढे लागणार आहे.) जोव्हान्नी बातिस्ता पिरानेसी याने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून रोमची 135 दृश्ये छापली. ऊबेर रोबेर हा फ्रेंच चित्रकार 1754 साली रोमला गेला, अकरा वर्षे राहिला, आणि पॅरिसला परतल्यावर पडक्या वास्तू इतक्या रंगवल्या की लोकांनी त्याच्या नावालाच 'पडझडीचा' हे विशेषण चिकटवले.

या चित्रांचे गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधले धनिक तरुण. शिक्षणाची सांगता म्हणून ते इटलीचा लांब प्रवास करीत आणि रोम हे त्या प्रवासातले मोठे पेणे असे. हा जुना मराठी शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पेणे म्हणजे वाटेतला मुक्काम, मजल संपवून उतरायची जागा. संस्कृत 'प्रयाण'शी त्याचे नाते लावतात. पेण गावाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात आणि मला ते पटते. अंतोऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बोरघाटाच्या वाटेला लागण्याआधी याच गावात थांबत असे. मुक्कामाच्या गावाला मुक्कामाचेच नाव पडले तर नवल नाही. रोमच्या मुक्कामाहून परतणारा प्रवासी खूण म्हणून एखादे चित्र घेऊन जाई, आणि त्या मागणीवर पानिनीसारख्यांचे कारखाने चालत.

इटालियन भाषेने या चित्रांसाठी दोन शब्द ठेवले. जागेवर जे आहे ते जसेच्या तसे काढले तर 'वेदुता'. वेदेरे म्हणजे पाहणे, त्यावरून वेदुता म्हणजे पाहिलेली गोष्ट. हा धातू आपल्या 'विद्' धातूचा सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये तो डोळ्यांकडे राहिला, संस्कृतात बुद्धीकडे वळला आणि वेद, विद्या, विद्वान असे शब्द देऊन गेला. दुसरा शब्द 'कप्रिच्यो'. खऱ्या इमारती घ्यायच्या, पण त्या आपल्या मनाने एकत्र आणायच्या. एकमेकांपासून दूर असलेले कलोसियम आणि पँथिऑन पानिनी एका अंगणात समोरासमोर उभे करतो, शेजारी ट्राजनचा स्तंभ ठेवतो, आणि पाहणाऱ्याला खटकत नाही. कप्रिच्यो या शब्दाची एक व्युत्पत्ती मोठी मजेदार आहे. कापो म्हणजे डोके आणि रिच्यो म्हणजे काट्यांचा तो छोटा प्राणी, ज्याच्या अंगावर साळिंदरासारखे काटे असतात. आधी अर्थ होता भीतीने डोक्यावरचे केस उभे राहणे; तिथून अचानक आलेला झटका, आणि शेवटी लहर. आपल्याकडे पाण्यावरची लहर मनात शिरली आणि माणूस लहरी झाला. इटलीत काटा आला, कोकणात लाट आली. दोन्हीकडे मनाची उसळी सांगायला शरीराबाहेरची हालचालच कामी आली.

आता 'देखावा'. संस्कृत 'दृश्' धातू आणि त्याचे 'द्रक्ष्यति' हे भविष्यकाळाचे रूप, शेजारी 'प्रेक्ष' या धातूचा प्रभाव, अशा वाटेने प्राकृतात 'देक्खइ' तयार झाले आणि त्यातून मराठीत देखणे आले. ज्ञानेश्वरीत हे क्रियापद पानोपानी भेटते. पुढे पाहणे आणि बघणे यांनी त्याला मागे सारले. आज प्रमाण मराठीत "मी डोंगर देखला" असे कुणी म्हणत नाही. पण क्रियापद सरले तरी त्याचा संसार उरला. डोळ्यादेखत घडते, देखरेख ठेवली जाते, देखल्या देवाला दंडवत घातला जातो. सुंदर माणसाला आपण 'देखणा' म्हणतो, म्हणजे नुसते 'पाहावा असा'. आणि या सगळ्यात 'देखावा' हा सर्वांत कर्ता. प्रत्ययाने त्याचे घडणे बघावे: भुलणे-भुलावा, बोलणे-बोलावा, पुरणे-पुरावा, तसे देखणे-देखावा. भुलावा दुसऱ्याला घातला जातो, बोलावा दुसऱ्याला धाडला जातो, पुरावा दुसऱ्यापुढे ठेवला जातो. तशी देखाव्यातही दुसऱ्याला दाखवण्याची क्रिया मुळातच आहे. म्हणून तो डोंगराचाही असतो आणि ढोंगाचाही. "घाटातून देखावा छान दिसतो" आणि "नुसता देखावा आहे हो त्यांचा" ही दोन्ही वाक्ये आपण एकाच दिवशी बोलतो.

इटालियनांना दोन शब्द लागले ती जागा मराठीत एकाच शब्दाने भरली, आणि फरक करायचा तर क्रियापद मदतीला येते. वेदुता हा पाहिलेला देखावा, कप्रिच्यो हा मांडलेला देखावा. गणपतीचा देखावा मांडतातच. मांडणे हे 'मंड्' या सजवण्याच्या धातूवरून आले आहे, त्यामुळे नुसते ठेवणे आणि मांडणे यांत सजावटीचा फरक आपोआप राहतो. केदारनाथाच्या पायरीशी रायगडाचा दरवाजा उभा करणारा कार्यकर्ता जे करतो, तेच पानिनी कॅनव्हासवर करत होता. त्याची तालीमही तशीच होती. ऐन तारुण्यात त्याने रंगभूमीसाठी इमारतींचे खोली दाखवणारे पडदे रंगवण्याची कला शिकून घेतली होती. आपल्या संगीत नाटकांच्या काळात जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा असे पडदे असत आणि राजवाड्याच्या पडद्यावर हमखास परदेशी वळणाचे गोल खांब आणि एकामागून एक आत जाणाऱ्या कमानी असत. त्यांची पाळेमुळे हुडकत गेले तर इटलीच्या रंगमंचापर्यंत पोचता येते.

बोलीत आपण 'सीनरी'ही म्हणतो. "भिंतीवर सीनरी लावली आहे" हे वाक्य पेण-रोह्याच्या कुठल्याही घरात ऐकू येईल. हा शब्द इंग्रजीतून आला, पण त्याचे मूळ ग्रीक 'स्केने', म्हणजे तंबू, नाटकातल्या पात्रांनी ज्याच्या आडून यावे तो मांडव. म्हणजे सीनरीसुद्धा मुळात मांडलेलीच. भूदृश्य, निसर्गदृश्य, भग्नावशेषचित्र असे घडवलेले शब्द कलासमीक्षेत चालतात; मला ते चित्रापासून माणसाला दूर नेणारे वाटतात. 'भूदृश्य' म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. 'भग्नावशेष' म्हटले की आपण पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीपुढे जाऊन उभे राहतो. लॅटिनचा 'रुइना' हा शब्द 'कोसळणे' या साध्या क्रियापदापासून आला आहे, आणि आपला 'पडका' तितक्याच सरळपणे पडण्यापासून. पडका वाडा, पडझड, पडीक जमीन. गडावर गेलो की "इथे सदरेचे जोते उरले आहे" असे आपण म्हणतो. जोते या शब्दात इमारत गेली आणि तिचा पाया राहिला ही सगळी हकिकत येते. ऊबेर रोबेरच्या चित्राचे वर्णन करायला एवढी सामग्री पुरे आहे.

मात्र ज्या इमारती त्या चित्रांत आहेत, त्यांचे अवयव मराठीत सांगू लागलो की आणखी एक गोष्ट उलगडत जाते. खांब आपला, वेदातल्या 'स्कंभ'चा वंशज. कमान फारसीतून आली. तिथे तिचा अर्थ धनुष्य, आणि तीरकमान या जोडशब्दात तो आपणही जपला आहे. लॅटिनमध्ये कमानीला 'आर्कुस' म्हणत. त्याचाही पहिला अर्थ धनुष्यच. इराणात आणि रोमात, एकमेकांना न विचारता, वाकवलेल्या दगडी रेषेत लोकांना धनुष्य दिसले. घुमटही फारसीकडून आला; कोकणात, गोव्यात घुमट हे एका मातीच्या वाद्याचेही नाव आहे. पानिनीने 1734 च्या सुमारास पँथिऑनच्या घुमटाखालचे चित्र काढले. हा घुमट 43 मीटरांहून थोडा अधिक रुंद आणि जमिनीपासून तेवढाच उंच. त्याच्या माथ्यावर गोल भोक मोकळे सोडलेले आहे. त्यातून आलेल्या उन्हाचा भला मोठा गोल पानिनीने भिंतीवर रंगवला आहे. इंग्रजी पुस्तके त्या उन्हाविषयी ओळीच्या ओळी लिहितात. आपल्याकडे कौलातल्या फटीतून येणाऱ्या उन्हाला 'कवडसा' हा एक शब्द आहे आणि तो तिथे नेमका बसतो.

कमान बांधताना ती सांधली जाईपर्यंत खालून लाकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागतो. रोमन गवंडी तो देत. या सांगाड्याला इंग्रजीत सेंटरिंग म्हणतात. आज पेणमध्ये स्लॅब टाकायच्या आधी फळ्या आणि टेकू लावतात, त्याला आपण 'सेंट्रिंग' म्हणतो. कमान उरली नाही, सपाट छत आले, तरी कमानीचा शब्द सेंट्रिंगवाल्याच्या तोंडी टिकला. आणि हा शब्द ज्या 'सेंटर'वरून आला त्याचे मूळ ग्रीक 'केंत्रोन', म्हणजे टोकदार काठी, पराणी, मग कंपासचे रोवलेले टोक. हाच केंत्रोन ग्रीक ज्योतिषाबरोबर भारतात आला आणि संस्कृतात 'केंद्र' झाला. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्या पाच सिद्धांतांचे सार लिहून ठेवले, त्यांतला एक 'रोमक' नावाचाच आहे. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या स्लॅबचे सेंट्रिंग लागते तेव्हा एकच ग्रीक शब्द दोन वाटांनी येऊन त्याच इमारतीत भेटतो. एक आला उज्जैनच्या ज्योतिष्यांकडून, दुसरा इंग्रज अभियंत्यांकडून. भाषेचा अभ्यास मला प्रिय वाटतो तो अशा भेटींमुळे.

दुसरी भेट रोह्याच्या डोक्यावर आहे. अवचितगडाच्या एका बुरुजावर शिलालेख आहे. त्यात गणेशाला नमन करून शके 1718, नळ संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा अशी मिती दिली आहे. ते इसवी सनाचे 1796 साल. कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवणाऱ्या त्या बुरुजावर कुणीतरी पाडव्याच्या मुहूर्ताने अक्षरे कोरवली. त्याच साली पॅरिसमध्ये ऊबेर रोबेरने एक विलक्षण चित्र काढले: ज्या लूव्ह्र महालात नवे संग्रहालय सजत होते, त्याचेच लांब दालन छत कोसळून उजाड झाले आहे अशी कल्पना करून त्याने ते रंगवले. मांडलेल्या देखाव्याची ही कमाल. पण मला सांगायचे आहे ते 'बुरूज' या शब्दाविषयी. मराठीत तो फारसीमार्फत आला, फारसीत अरबीतून. अरबी 'बुर्ज'चे मूळ मात्र बहुतेक अभ्यासक आरामी भाषेतून मागे नेत ग्रीक 'पिर्गोस' किंवा रोमन सैन्याच्या लॅटिनमधल्या 'बुर्गुस' या शब्दांशी पोचवतात. सीरियाच्या वाळवंटात रोमन शिपायांनी सरहद्दीवर मनोरे बांधले, तिथल्या लोकांनी शब्द उचलला आणि हजार-दीड हजार वर्षांनी तो सह्याद्रीच्या फाट्यावर चढून बसला. अवचितगड चढणारा "बुरूज आला" म्हणतो तेव्हा तो रोमन छावणीतला शब्द उच्चारत असतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, एवढ्या लांबून आलेल्या शब्दावर आपला हक्क कसला? त्याला उत्तर या खाडीतच आहे. कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन चौल-रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. चौल म्हणजे ग्रीक-रोमन लेखकांचे 'सिमिल्ला'. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात कल्याणनंतर त्याचे नाव येते, आणि लगेच पुढे 'मंदगोरा'. हे दुसरे बंदर म्हणजे राजपुरी खाडीच्या आतले मांदाड, असे अनेकांचे मत आहे. मांदाडजवळ कुड्याची 26 लेणी आहेत. तिथल्या लेखांत 'मांदव' घराण्यातल्या महाभोजांची नावे सापडतात, आणि दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. पानिनीने पडके दाखवलेले रोम ज्या काळी नवे, चुन्याचा वास न गेलेले होते, त्याच काळात तिथले व्यापारी या खाड्यांत माल उचलत होते. भारतासाठी रोमच्या तिजोरीतून दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स नाणी जातात अशी रोमन लेखक प्लिनीने तक्रार नोंदवून ठेवली आहे. पैसा आला तसा पैशाचा शब्दही आला. ग्रीक 'द्राख्मे'चा संस्कृतात 'द्रम्म' झाला, शिलाहारांच्या कोकणातल्या लेखांत द्रम्मांचे हिशेब मिळतात, आणि त्याच द्रम्माचा पुढे 'दाम' झाला. दाम करी काम म्हणताना, दमडी नाही म्हणताना आपण त्याच नाण्याचा उल्लेख करत असतो. 'सुरुंग'ही तिकडचाच: ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे बासरी, पोकळ नळी, मग भुयार. कौटिल्यापर्यंत तो भुयार म्हणून पोचला. आज दगडाच्या खाणीत सुरुंग लावतात.

या सगळ्या लोकांना आपण एकच नाव दिले: यवन. आयोनिया या प्रांताच्या ग्रीकांना इराणी लोक 'यौन' म्हणत, त्यावरून ते. आणि इथे खरा पाणिनी भेटतो. त्याच्या सूत्रात 'यवन' शब्द आला आहे. कात्यायनाने त्यावर लिहिताना 'यवनानी' म्हणजे यवनांची लिपी असे स्पष्ट केले. रोमचा पाया इटलीत भक्कम होत होता त्या काळात वायव्येकडच्या एका वैयाकरणाला हा शब्द नियमात बसवावा इतका परिचयाचा झाला होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. मराठी बखरींपर्यंत येताना शब्दाचा रोख पार बदलला. पण खांबांवरचे यवन दान देणारे आहेत, हे विसरू नये.

अठराव्या शतकात, शब्दांच्या मागून, रोमची पडक्या वास्तू पाहण्याची दृष्टीही इकडे आली. रोममध्ये राहून चित्रे काढलेल्या रिचर्ड विल्सनचा शिष्य विल्यम हॉजेस 1780 साली भारतात आला. त्याच्या मागोमाग टॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे. 1793 साली ते मुंबईला पोचले, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला भेटले आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या घारापुरीची चित्रे त्यांनी काढली. त्यांच्या 144 चित्रांच्या संग्रहाचे नावच 'ओरिएंटल सीनरी'. घारापुरीचे दार त्यांनी रोमच्या पडक्या मंदिरासारखे पाहिले: झुडपे, सावली, मोडलेले खांब, छोटी माणसे. चित्रे सुंदर आहेत, यात शंका नाही. पण लेणे ही पडून उरलेली इमारत नव्हे. ते डोंगरातून काढलेले आहे. 'लेणे' शब्द 'लयन'वरून, प्राकृत 'लेण'वरून आला, अर्थ विसाव्याची, आत शिरून राहायची जागा. कुड्याच्या शिलालेखांत हाच 'लेण' कोरलेला आहे. (अंगावरचे लेणे वेगळे, ते लेण्याच्या, म्हणजे घालण्याच्या क्रियेवरून.)

वेल्सने पुण्यात एका मराठी माणसाला चित्रकलेत तयार केले. गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या आश्रयाने चित्रशाळा सुरू झाली, तिथे तो शिकला. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची आणि कार्ल्याची लेणी काढली, आणि 1795 च्या सुमारास पर्वतीचा देखावा काढला. त्याच वर्षअखेरीस पेशवे आणि वेल्स दोघेही गेले. वेल्सची वेरूळची रेखाटने पुढे 1803 मध्ये टॉमस डॅनियलने लंडनला छापली. गंगारामचे कागद आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. पेशवाईच्या मराठीत चित्राला तसबीर म्हणत, चित्रकाराला चितारी. गंगारामच्या कामाला मी आणखी एक जोडी लावीन: नकाशा आणि नक्षी. दोन्ही अरबी 'नक्श' या एकाच मुळाचे. एक मापाचा, एक शोभेची. त्याने लेण्यांचे मोजून आराखडेही काढले आणि खांबांवरचे कोरीवकामही उतरवले, तांबट घराण्यातल्या हाताला धातूवर रेघ मारायची जी सवय असते त्या सवयीने.